टेनिस डबल्स: पार्टनर कोण घ्यायचा आणि कुठली साइड कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डबल्स खेळायला लागलं की हे प्रश्न येतातच, आणि बऱ्याचदा त्यांची उत्तरं कोर्टवर पोचल्यावर दोन मिनिटांत घाईघाईत दिली जातात, "तू कुठे खेळतोस? बरं मग मी इकडे" असं. खरं तर यावर निवांत विचार करायला हवा, कारण जोडी चांगली जमली की मधल्या लेव्हलचे दोन प्लेअर त्यांच्यापेक्षा चांगल्या दोघांना आरामात हरवतात. खाली जेवढं नीट सांगता येईल तेवढं सांगितलंय.

पार्टनर निवडताना सगळ्यात आधी काय बघायचं?

लोक सर्व्ह बघतात, फोरहँड बघतात. मी आधी हे बघेन की पॉइंट गेल्यावर तो माणूस काय करतो. समजा ३०-ऑल ला तुमची डबल फॉल्ट झाली (दोन्ही सर्व्ह चुकल्या), आणि पार्टनरने नेटवरून वळून नुसतं बघितलं किंवा मान हलवली, तर पुढच्या पॉइंटला तुमचा हात आखडणार म्हणजे आखडणारच, मग दुसरी सर्व्ह नुसती ढकलली जाते आणि समोरचे पुढे येऊन मारतात. तेच जर तो जवळ येऊन "जाऊ दे, पुढची टी वर टाक, मी पोच करतो" (टी म्हणजे सर्व्हिस बॉक्सचा मधल्या रेषेकडचा कोपरा, पोच म्हणजे नेटवरून मध्ये सरकून समोरच्याचा रिटर्न हवेतच मारणं) म्हणाला तर तुमच्या डोक्यात चुकलेली सर्व्ह राहतच नाही, पुढचा पॉइंट येतो.

स्वभाव जमला की मग खेळ बघा. त्यात पहिलं म्हणजे रिटर्न कोर्टात येतो का. जोरात नाही आला तरी चालेल, पण आला पाहिजे आणि समोरच्या नेटवाल्यापासून लांब आला पाहिजे. दुसरं म्हणजे नेटवर उभं राहायची तयारी, कारण डबल्समध्ये अर्धा वेळ तुम्ही नेटपाशीच असता, आणि जो तिथे अंग चोरतो त्याच्याबरोबर खेळताना तुम्हाला बेसलाइनवरून एकट्याने दोघांशी सिंगल्स खेळावी लागते. पार्टनरचा फोरहँड किती भारी आहे हे माझ्या लेखी या दोन्हीच्या नंतर येतं.

माझ्यापेक्षा खूप चांगला खेळणारा पार्टनर मिळत असेल तर घ्यावा का?

घ्या, पण एक लक्षात ठेवा की समोरचे सगळे बॉल तुमच्याकडेच येणार. डबल्समध्ये मॅच बहुतेक वेळा कमकुवत प्लेअरवर ठरते कारण समोरच्यांना कुठे मारायचं ते निवडता येतं. त्यामुळे फरक फार मोठा असेल तर चांगला प्लेअर कंटाळतो, मग मध्ये घुसून तुमचे बॉल घ्यायला लागतो, त्याची बाजू उघडी पडते, आणि दोघंही वैतागतात. फरक थोडा असेल तर मात्र झकास, तुमचा खेळ वर जातो.

दोघांचा खेळ सारखा असावा की वेगवेगळा?

वेगवेगळा असला तर बरं, पण वेगळेपणा एकमेकांना पूरक पाहिजे. एक जण रिटर्न आणि लॉबमध्ये (समोरच्याच्या डोक्यावरून उंच टाकलेला बॉल) पक्का, दुसरा नेटवर चपळ, ही जोडी चालते. दोघंही बेसलाइनवर बसून जोरात मारणारे असले तर प्रॅक्टिसला भारी दिसतात आणि मॅचमध्ये कोणी चांगली व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच मारलेला बॉल) मारणारा भेटला की अडकतात.

मोठ्या जोड्या बघा. लिएंडर पेस नेटवर विजेसारखा हलायचा आणि महेश भूपतीची सर्व्ह आणि बॅकहँड रिटर्न तगडे होते, १९९९ साली दोघं चारही ग्रँड स्लॅमच्या फायनलला पोचले आणि त्यातल्या फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकले. सानिया मिर्झाचा फोरहँड आणि मार्टिना हिंगिसचा नेटवरचा हात आणि डोकं, यांनी मिळून २०१५ चं विम्बल्डन, त्याच वर्षीची यूएस ओपन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन ओपन अशा लागोपाठ तीन ग्रँड स्लॅम घेतल्या. दोन्ही जोड्यांत एकाकडे जे कमी होतं ते दुसऱ्याकडे भरपूर होतं.

मित्राबरोबर, भावाबरोबर, नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर खेळावं का?

खेळावं की. ब्रायन बंधू जुळे भाऊ, दोघांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम जिंकल्या. व्हीनस आणि सेरेना विल्यम्स बहिणी ग्रँड स्लॅम डबल्सच्या १४ फायनल खेळल्या आणि १४ च्या १४ जिंकल्या. घरचा माणूस असला की न बोलता बऱ्याच गोष्टी कळतात, कोण कुठे पळणार हे अंगवळणी पडलेलं असतं.

अडचण एवढीच की घरच्या माणसाला आपण जे पटकन बोलून जातो ते परक्या पार्टनरला कधीच बोलत नाही. म्हणून अशा जोडीने आधीच ठरवून टाकावं की मॅच चालू असताना टेक्निकवर एक अक्षर बोलायचं नाही. फक्त पुढचा पॉइंट कसा खेळायचा तेवढंच बोलायचं.

ड्यूस साइड आणि ॲड साइड म्हणजे नक्की काय?

नेटकडे तोंड करून उभं राहिलात की तुमच्या उजव्या हाताची बाजू ड्यूस साइड, डाव्या हाताची ॲड साइड. गेमचा पहिला पॉइंट ड्यूस साइडला सुरू होतो, दुसरा ॲडला, आणि असं आलटून पालटून. स्कोअर ड्यूस (४०-४०) झाला की पुढचा पॉइंट उजवीकडे, ॲडव्हान्टेज (ड्यूसनंतर एका बाजूने एक पॉइंट जिंकलेला) असलं की डावीकडे, नावं तिथूनच आलीत.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, साइड हा फक्त रिटर्नचा निर्णय आहे. तुमची टीम सर्व्ह करत असते तेव्हा सर्व्ह करणारा दर पॉइंटला बाजू बदलतो त्यामुळे नेटवरचा पार्टनरही बाजू बदलतो. म्हणजे "मी ॲडवाला" याचा अर्थ समोरचे सर्व्ह करतात तेव्हा मी डावीकडून रिसीव्ह करणार, एवढाच. म्हणून साइड ठरवताना "मला कुठे उभं राहायला आवडतं" यापेक्षा "माझा कुठला रिटर्न मार खातो" हे विचारा.

चांगल्या प्लेअरने ॲड साइडलाच खेळायचं असतं, हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. कारण असं सांगतात की महत्त्वाचे पॉइंट ॲडला येतात. मोजून बघू. ०-४० ला पुढचा पॉइंट ॲडला. ३०-४० ला ॲडला. ॲडव्हान्टेज रिसीव्हर, ॲडला. पण १५-४० चा ब्रेक पॉइंट (जो जिंकला की समोरच्याच्या सर्व्हचा गेम आपला) ड्यूस साइडला येतो, हे लोक विसरतात. म्हणजे ब्रेक पॉइंट जास्त करून ॲडवाल्याच्या वाट्याला येतात, त्यामुळे प्रेशरमध्ये डोकं शांत ठेवणारा माणूस तिथे असावा हे बरोबर आहे.

पण ब्रेक पॉइंट यायला आधी काहीतरी करावं लागतं ना. गेमचा पहिला पॉइंट ड्यूसला, १५-ऑल ड्यूसला, ३०-ऑल ड्यूसला, आणि ड्यूस तर ड्यूसलाच. हे सगळे पॉइंट जिंकून देणारा माणूस नसेल तर ॲडवाला कितीही भारी असला तरी ४०-१५ ला उभा राहून काय करणार (आणि तो पॉइंटही ड्यूसलाच येतो). ड्यूसवाल्याचं काम दरवाजा उघडायचं आहे. म्हणून "चांगला तिकडे, कच्चा इकडे" अशी वाटणी मला पटत नाही, दोन्हीकडे वेगळ्या प्रकारचा चांगला प्लेअर लागतो.

मग ड्यूसला कोण आणि ॲडला कोण? दोघंही राइट हँडेड आहेत.

इथे थोडं खोलात जाऊ कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

राइट हँडेड प्लेअर ड्यूसला उभा असेल तर वाइड (बाहेरच्या कडेला पडणारी) सर्व्ह त्याच्या फोरहँडला येते आणि टी वरची सर्व्ह बॅकहँडला. वाइडचा फोरहँड नैसर्गिकपणे क्रॉसकोर्ट (तिरका) जातो, म्हणजे नेटवाल्यापासून लांब, छान. पण टी वरच्या सर्व्हचा बॅकहँड जरा जरी ओढला गेला तर बॉल सरळ समोरच्या नेटवाल्याच्या हातात. त्याला तो बॅकहँड इनसाइड-आउट मारावा लागतो, उलट्या दिशेने, आणि हा शॉट अवघड आहे.

आता ॲडला बघा. वाइड सर्व्ह बॅकहँडला येते, आणि ओढलेला बॅकहँड आपोआप क्रॉसकोर्ट जातो. टी वरची सर्व्ह फोरहँडला येते, तिथे इनसाइड-आउट फोरहँड लागतो, तो बॅकहँडवाल्या इनसाइड-आउटपेक्षा बहुतेकांना सोपा जातो.

म्हणून "माझा बॅकहँड कच्चा आहे, मी ड्यूसला खेळतो, तिकडे बाहेरचा बॉल फोरहँडला येतो" हे जे ऐकू येतं ते दोनदा तपासून बघा. समोरचा सर्व्हर वेडा नाही, त्याला कळलं की तुमचा बॅकहँड कच्चा आहे तर तो ड्यूस साइडला टी वर टी वर टाकत राहणार, आणि त्याचा नेटवाला मध्ये सरकून उभा राहणार. ड्यूसवाल्याचा बॅकहँड जोरदार नसला तरी चालेल पण तो ब्लॉक करून, चिप करून (हलकेच कापून) नेटवाल्यापासून लांब टाकता आला पाहिजे. उलट ज्याचा बॅकहँड फक्त क्रॉसकोर्ट ओढता येतो, दुसरीकडे जातच नाही, तो ॲडला जास्त सुखात राहतो. ॲडला एकच सावधगिरी, चांगला राइट हँडर तिथे किक सर्व्ह वाइड टाकतो आणि बॉल खांद्याच्या वर उडतो, लेफ्टी सर्व्हर असेल तर स्लाइस करून तुम्हाला ट्रॅमलाइनच्या (कोर्टच्या कडेच्या रेषेच्या) बाहेर ओढतो. उंच बॅकहँड झेपत नसेल तर ॲड त्रास देईल.

थोडक्यात मी दोघांना हे चार रिटर्न दहा-दहा वेळा मारायला सांगेन, ड्यूस वाइड, ड्यूस टी, ॲड वाइड, ॲड टी, आणि कोणाचा कुठला रिटर्न सगळ्यात जास्त नेटवाल्याकडे जातो ते बघेन. जो सगळ्यात वाईट निघतो तो झाकला जाईल अशी साइड द्या. सगळ्यात चांगला शॉट कुठे दिसेल याचा विचार नंतर.

दोघांनाही एकच साइड हवी असेल तर?

ज्याला दुसरी साइड कमी वाईट जमते त्याने जायचं. आवडीवर ठरवू नका, सवय दोन-तीन आठवड्यांत बदलते.

आमच्यातला एक लेफ्टी आहे. त्याला कुठे उभं करायचं?

मजा आहे तुमची, लेफ्टी-राइटी जोडी म्हणजे समोरच्यांना कायम डोकेदुखी. ब्रायन बंधूंत बॉब लेफ्टी आणि माइक राइटी, त्याआधी ऑस्ट्रेलियाचे मार्क वुडफर्ड लेफ्टी आणि टॉड वुडब्रिज राइटी, जॉन मॅकेन्रो लेफ्टी आणि पीटर फ्लेमिंग राइटी. या नुसत्या योगायोगाने आलेल्या जोड्या नाहीत.

तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, लेफ्टी ॲडला आणि राइटी ड्यूसला. मग दोघांचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात, वाइड सर्व्हला दोघंही फोरहँडने उत्तर देतात, ट्रॅमलाइनवरचे बॉल लांबपर्यंत पोचतात. तोटा असा की मधला बॉल दोघांच्याही बॅकहँडला, आणि डबल्समध्ये समोरचे मधून मारायलाच बघतात.

दुसरा, लेफ्टी ड्यूसला आणि राइटी ॲडला, मग दोन्ही फोरहँड मध्ये. मधून काही जातच नाही, नेटवर दोघंही मध्ये सरकताना फोरहँड व्हॉली मारतात, आणि टी वरची सर्व्ह दोघांच्याही फोरहँडला येते. तोटा, राइट हँडेड सर्व्हरची ड्यूसवरची वाइड स्लाइस लेफ्टीच्या बॅकहँडपासून लांब लांब पळते, आणि हाच शॉट बहुतेक राइट हँडरची आवडती सर्व्ह असते.

माझं मत विचाराल तर, ज्या लेव्हलला समोरचे वाइड सर्व्ह नेमकी टाकू शकत नाहीत तिथे फोरहँड मध्ये ठेवा, कारण बॉल मधूनच जास्त येतात. जिथे सर्व्ह खरोखर कोपऱ्यात पडते तिथे फोरहँड बाहेर ठेवून बघा. पण लेफ्टीचा बॅकहँड रिटर्न चांगला असेल तर हा नियम गुंडाळून ठेवा आणि त्याला ड्यूसला उभं करा.

मधला बॉल कोणाचा?

दोघं राइट हँडेड असाल तर साधारणपणे ॲडवाल्याचा, कारण त्याचा फोरहँड मध्ये येतो. मधला लॉबसुद्धा त्याचाच, त्याला ओव्हरहेड मारणं सोपं. पण एकाने आधी क्रॉसकोर्ट रॅली चालवली असेल तर तो बॉलच्या लाइनमध्ये असतो, मग त्यानेच घ्यावा. खरा उपाय म्हणजे ओरडा. "माझा", "तुझा", "सोड", "स्विच", हे चार शब्द लवकर आणि मोठ्याने. दोघांनी एकाच वेळी मारला आणि दोन्ही रॅकेट बॉलला लागल्या तर पॉइंट जातो, रॅकेट एकमेकांवर आपटल्या पण बॉलला एकाचीच लागली तर चालतं.

मॅच चालू असताना साइड बदलता येते का?

सेटच्या मध्ये नाही. सेटच्या सुरुवातीला जो ड्यूसला रिसीव्ह करतो तो त्या सेटभर ड्यूसलाच रिसीव्ह करतो. नवीन सेट सुरू होताना मात्र बदलू शकता, आणि तिसऱ्या सेटऐवजी १० पॉइंटचा मॅच टाय-ब्रेक खेळत असाल तर त्याच्या आधीही बदलता येतं. पहिला सेट १-६ गेला आणि रिटर्न लागतच नाहीत तर ही संधी वापरा, फुकट मिळतेय.

रिटर्न मारून झाल्यावर मात्र तुम्ही दोघं कोर्टवर कुठेही जाऊ शकता, त्याला बंधन नाही.

चुकून चुकीच्या साइडला रिसीव्ह केलं तर?

घाबरू नका, झालेले पॉइंट तसेच राहतात. लक्षात आलं त्या गेमपुरतं तसंच खेळायचं, आणि त्या सेटमधल्या पुढच्या रिसीव्हिंग गेमपासून परत मूळ साइडला जायचं. सर्व्ह चुकीच्या माणसाने केली असेल तर मात्र लक्षात आल्या आल्या बरोबर माणसाने सर्व्ह करायची, आणि पूर्ण गेम झाल्यावर लक्षात आलं तर बदललेलाच क्रम पुढे चालू राहतो.

पहिली सर्व्ह कोणी करायची?

"ज्याची सर्व्ह चांगली त्याने" हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही आहे, कारण पहिला सर्व्ह करणारा सेटमध्ये एखादा गेम जास्त सर्व्ह करू शकतो. पण त्याच्या पलीकडे एक गोष्ट आहे जी फार कमी लोक वापरतात.

डबल्समध्ये एका सेटमध्ये प्रत्येक प्लेअर कायम एकाच एंडकडून सर्व्ह करतो. खरंच. पहिल्या गेमनंतर एंड बदलतात, मग तिसऱ्या, पाचव्या, असं विषम गेमनंतर. समजा तुम्ही पहिला गेम उत्तरेकडून सर्व्ह केलात, तर तिसरा गेम तुमचा पार्टनर दक्षिणेकडून करतो, आणि पाचव्याला परत तुमची पाळी येते तेव्हा तुम्ही परत उत्तरेकडेच असता. समोरच्यांचंही तसंच. कागदावर एकदा लिहून बघा, लगेच पटेल. (फक्त ६-६ नंतरच्या टाय-ब्रेकमध्ये दर ६ पॉइंटला एंड बदलतात म्हणून तिथे हे मोडतं.)

याचा अर्थ सकाळी किंवा संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येत असेल तर पूर्ण सेटभर कोणाच्या डोळ्यांवर येणार हे तुम्ही पहिल्या गेमआधीच ठरवत असता. वाऱ्याचंही तेच. ज्याचा टॉस (सर्व्हसाठी वर फेकलेला बॉल) उंच जातो त्याला सूर्याकडे तोंड करून सर्व्ह करायला लावू नका. लेफ्टी-राइटी जोडीला तर इथे जबरदस्त फायदा, कारण एकाच एंडला राइटीच्या टॉसमागे सूर्य येतो तेव्हा लेफ्टीच्या टॉसमागे बहुतेक वेळा येत नाही. कॉइन टॉस जिंकलात तर सर्व्ह, रिसीव्ह किंवा एंड यातलं काहीही मागता येतं, किंवा समोरच्यांनाच निवडायला लावता येतं, त्यामुळे आधी ऊन आणि वारा बघा, मग बोला.

आणि हो, नवीन सेटला सर्व्हचा क्रम परत ठरवता येतो, पहिल्या सेटला जो आधी केला तोच परत आधी असं काही नाही.

नो-ॲड स्कोअरिंगमध्ये साइडचं काय होतं?

ड्यूस झाल्यावर एकच निर्णायक पॉइंट. सर्व्ह कुठल्या साइडला घ्यायची ते रिसीव्ह करणारी टीम निवडते, पण त्या पॉइंटसाठी दोघांनी आपापल्या जागा अदलाबदल करायच्या नाहीत. म्हणजे ड्यूसवाल्याने घ्यायची की ॲडवाल्याने एवढाच निर्णय. प्रोफेशनल पुरुष डबल्सच्या टूरवर हेच चालतं. लगेच "चांगल्या प्लेअरकडे" असं न म्हणता बघा की त्या गेममध्ये कोणाचे रिटर्न लागतायत आणि सर्व्हरची कुठल्या साइडची सर्व्ह ढिली आहे. कोर्टवर वाद नको म्हणून हे मॅचआधीच बोलून ठेवा.

मिक्स्ड डबल्समध्ये मात्र निवड नसते, सर्व्ह पुरुषाची असेल तर पुरुषाने आणि बाईची असेल तर बाईने रिसीव्ह करायचं.

मिक्स्डमध्ये साइड कशी ठरवायची?

तशीच. रिटर्न बघून. पुरुषाने ॲड घ्यायची आणि मधले सगळे बॉल आपणच मारायचे ही सवय खूप ठिकाणी दिसते आणि ती जोडीला मारते, कारण समोरचे तिच्या बाजूला दोन बॉल टाकतात, तो मध्ये पळतो, आणि तिसरा त्याच्या रिकाम्या बाजूला. तिचा रिटर्न त्याच्यापेक्षा स्थिर असेल तर ब्रेक पॉइंटची साइड तिला द्या.

पार्टनर नेटवर नुसता उभा राहतो, पोच करतच नाही. काय करू?

आधी स्वतःची सर्व्ह बघा. तुमची सर्व्ह कुठेही पडत असेल तर त्याला कळणारच नाही कुठे सरकायचं. सर्व्हच्या आधी सांगा, "टी वर टाकतोय, तू जा", आणि मग खरंच टी वर टाका. दोन पोच फसले तरी "परत जा" म्हणा. पोच फसला तरी समोरच्यांना डाउन द लाइन (सरळ, नेटवाल्याच्या बाजूने) मारायची भीती बसते, आणि तेवढ्याने तुमचे क्रॉसकोर्ट पॉइंट सोपे होतात. पाठीमागे हाताने खूण करायची पद्धत त्यासाठीच आहे, उघडा पंजा म्हणजे जाणार, मूठ म्हणजे थांबणार, असं काहीही ठरवा.

आय फॉर्मेशन पण करून बघा. नेटवाला मध्ये वाकून बसतो आणि सर्व्ह पडली की ठरलेल्या बाजूला जातो, म्हणजे त्याला हलावंच लागतं.

पार्टनर पूर्ण मॅचभर मला शिकवत असतो.

मॅच संपल्यावर, रॅकेट बॅगेत गेल्यावर सांगा. "कोर्टवर मला फक्त पुढच्या पॉइंटचं सांग, बाकी आपण प्रॅक्टिसला बघू." बहुतेक लोक ऐकतात, त्यांना कळलेलंच नसतं की आपण एवढं बोलतोय. दोन-तीनदा सांगूनही थांबत नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

पार्टनर बदलायचा आहे पण वाईट वाटेल त्याला.

वाटेल. तरी स्पष्ट सांगा, आणि दुसऱ्याबरोबर नाव देण्याआधी सांगा, नंतर ड्रॉमध्ये बघून कळलं तर जास्त लागतं. कारण द्यायचं तर खेळाचं द्या, "आपण दोघंही बेसलाइनवाले आहोत, मला नेटवर खेळणारा हवाय", त्याच्या स्वभावावर जाऊ नका.

आणि हे कायमचं असतं असंही नाही. पेस आणि भूपती १९९९ नंतर वेगळे झाले, परत एकत्र आले आणि २००१ ची फ्रेंच ओपन जिंकले.

नवीन जोडी जमली की नाही हे किती दिवसांत कळतं?

एका मॅचवरून काही ठरवू नका. पहिल्या काही मॅचमध्ये मधले बॉल सुटणारच, दोघं लॉबमागे पळणारच किंवा दोघंही बघत उभे राहणार. साइडही दर आठवड्याला बदलत बसू नका, रिटर्नला एका कोनाची सवय व्हायला वेळ लागतो. महिना-दीड महिना एकाच साइडला खेळा, स्कोअरबरोबर एवढंच लिहून ठेवा की कोणाचे रिटर्न कुठे चुकले, आणि मग दोघांनी बसून बघा. टी वरचे बॅकहँड नेटवाल्याकडे जातायत असं दिसलं तर पुढचे काही सेट साइड उलटी करून खेळा आणि परत लिहा.